ड्रोनच्या साहाय्याने रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना-समूहाची चाचणी: नवख्यांसाठी मार्गदर्शन

डिश फिरवता येत असेल तर रेडिओ दुर्बिणीची चाचणी तुलनेने सोपी असते. आकाशातल्या एखाद्या प्रखर स्रोतावर डिश रोखायची, मग ती थोडी थोडी बाजूला सरकवत न्यायची आणि सिग्नल कसा उतरत जातो याची नोंद ठेवायची. कमी वारंवारतेवर काम करणाऱ्या अँटेना-समूहांना ही सोय नसते. त्यांचे अँटेना जमिनीवर पक्के बसवलेले असतात आणि दिशा बदलायची असेल, तर प्रत्येक अँटेनाच्या सिग्नलला योग्य तेवढा विलंब देऊन ते सगळे सिग्नल एकत्र मिळवावे लागतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील मर्चिसन भागात उभ्या राहत असलेल्या एसकेए-लो दुर्बिणीच्या आराखड्यात असे १,३१,०७२ अँटेना आहेत. प्रत्येकी २५६ अँटेनांची ५१२ केंद्रे, प्रत्येक केंद्राचा व्यास सुमारे ३८ मीटर आणि वारंवारतेचा पट्टा ५० ते ३५० मेगाहर्ट्झ, असे तिचे स्वरूप आहे. यातला प्रत्येक अँटेना कागदावरच्या गणिताप्रमाणेच वागतो आहे का, हे जागेवर जाऊन तपासण्यासाठी ड्रोनइतके हाताशी येणारे साधन दुसरे नाही.

आकाशातले स्रोत वापरून हे काम का होत नाही, असा प्रश्न साहजिकच पडेल. एकटा अँटेना जवळजवळ सगळे आकाश एकाच वेळी पाहत असतो, त्यामुळे कॅसिओपिया-ए किंवा सिग्नस-ए यांसारखे प्रखर स्रोतही आकाशगंगेच्या एकंदर कोलाहलात बुडून जातात. शिवाय कोणताही स्रोत रोज त्याच कमानीवरून उगवतो आणि मावळतो, म्हणजे आकाशाचा उरलेला भाग न तपासलेलाच राहतो. १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास प्रसारण करणारे ऑर्बकॉम उपग्रह यासाठी वापरले गेले आहेत आणि त्यांचा उपयोगही झाला आहे, पण ती सोय त्या एका वारंवारतेपुरतीच आहे. ड्रोनवर बसवलेला छोटा ट्रान्समीटर मात्र आपण म्हणू त्या जागी, त्या वेळी, त्या वारंवारतेवर आणि त्या ध्रुवीकरणात (लहरीच्या कंपनाच्या दिशेत) सिग्नल देतो. इटलीतील खगोलभौतिकी संस्था आणि तिच्या सहकारी संशोधकांनी लोफार (युरोपातली कमी वारंवारतेची रेडिओ दुर्बीण) व एसकेए यांच्या अँटेनांसाठी ही पद्धत बारकाईने विकसित केली. स्वित्झर्लंडमधील ब्लायेन वेधशाळेच्या ५ मीटर डिशवर केलेले असे काम २०१५ मध्ये, तर अमेरिकेतील ग्रीन बँक येथे १३७ मेगाहर्ट्झवर केलेले ‘एको’ प्रकल्पाचे पहिले प्रात्यक्षिक २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

एवढ्या काटेकोरपणाची गरज या दुर्बिणी शोधत असलेल्या हायड्रोजनच्या वर्णरेषेमुळे निर्माण होते. प्रयोगशाळेत १४२० मेगाहर्ट्झवर दिसणारी ही रेषा आद्य विश्वातून इथवर येताना ताणली जाते आणि ९ इतक्या ताम्रसृतीला (म्हणजे तरंगलांबी दहापट ताणली गेल्यावर) सुमारे १४२ मेगाहर्ट्झवर येऊन पोहोचते. आकाशगंगेचे उत्सर्जन या सिग्नलपेक्षा हजारो पटींनी प्रबळ असते. अँटेना एखाद्या तिरक्या दिशेला किती संवेदनशील आहे हे चुकीचे गृहीत धरले, तर तिकडचे प्रखर उत्सर्जन गणितात भलत्याच जागी शिरते आणि आद्य विश्वाचा मागमूस पुसून टाकते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण नवख्यांचे बहुतेक कष्ट तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे वाया जातात. या चाचणीत रेडिओचा भाग त्या मानाने सोपा आहे. प्रत्येक क्षणी ड्रोन नेमका कुठे होता, तो क्षण कोणत्या घड्याळाचा होता आणि ड्रोनवरच्या अँटेनाचे तोंड कुठे होते, या तीन प्रश्नांची उत्तरे देणे हेच खरे काम आहे.

पहिली पायरी: काय मोजायचे ते ठरवा

‘अँटेना तपासायचे आहेत’ एवढ्यावर मोहीम आखता येत नाही, कारण त्यात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. पहिला प्रश्न जोडणीचा: सगळे अँटेना जिवंत आहेत का, केबल योग्य जागी लागल्या आहेत का, कोणत्या जोडणीत किती विलंब आहे. दुसरा प्रश्न एकेका अँटेनाच्या संवेदनशीलतेचा आलेख काढण्याचा. हा आलेख समूहात बसलेल्या अँटेनाचा हवा, मोकळ्या मैदानात एकट्या ठेवलेल्याचा नको, कारण शेजारचे अँटेना त्याच्यावर परिणाम करतात आणि एकाच नमुन्याचे दोन अँटेना समूहातल्या निरनिराळ्या जागी निरनिराळे वागतात. तिसरा प्रश्न सगळ्या अँटेनांचे सिग्नल मिळवून तयार होणाऱ्या एकत्रित बीमचा, म्हणजे सगळा समूह मिळून आकाशाचा जो अरुंद भाग पाहतो त्याचा. प्रत्येक प्रश्नासाठी उंची, मार्ग आणि अचूकता वेगवेगळी लागते. पहिल्याच मोहिमेत तिन्ही प्रश्न हाती घेऊ नयेत. जोडणीच्या तपासणीपासून सुरुवात करावी. तिला वेळ कमी लागतो आणि हाती लागणारे दोष लगेच दुरुस्त करता येतात.

दुसरी पायरी: उंचीचे गणित करा

स्रोत पुरेसा दूर असेल, तरच त्याच्या लहरी अँटेनापर्यंत सपाट होऊन पोहोचतात. हे ‘पुरेसे’ अंतर काढण्याचा प्रचलित नियम असा: अँटेनाच्या सर्वांत मोठ्या मापाचा वर्ग करावा, त्याची दुप्पट करावी आणि तिला तरंगलांबीने भागावे. १५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी २ मीटर असते. दीड मीटर रुंदीच्या एकट्या अँटेनासाठी हे अंतर सव्वादोन मीटर येते. शेजाऱ्यांचा परिणाम धरून ते बरेच वाढवले, तरी शंभर मीटरवरचा ड्रोन त्याच्या दृष्टीने दूरच ठरतो. मात्र ३८ मीटर व्यासाच्या सबंध केंद्रासाठी हेच अंतर १,४४४ मीटर येते आणि ३५० मेगाहर्ट्झला ते तीन किलोमीटरच्याही पुढे जाते.

अनेक देशांत ड्रोनला जमिनीपासून सुमारे १२० मीटरच्या वर विशेष परवानगीशिवाय जाता येत नाही. म्हणजे एकट्या अँटेनाचा आलेख सरळ मोजता येतो, पण संपूर्ण केंद्राचा बीम सरळ मोजता येत नाही. ही अडचण दूर करण्याचा मार्ग पुढे फेजच्या (लहरीच्या आवर्तनातल्या स्थितीच्या) भागात सांगितला आहे. तोपर्यंत एवढे लक्षात ठेवावे की १०० मीटर उंचीवर मध्यभागी थांबलेल्या ड्रोनपासून केंद्राच्या कडेचा अँटेना मधल्या अँटेनापेक्षा सुमारे १.८ मीटर अधिक लांब असतो आणि १५० मेगाहर्ट्झवर हा फरक जवळजवळ पूर्ण एका तरंगलांबीएवढा आहे.

तिसरी पायरी: स्रोत तयार करा

ड्रोनवर नेण्यासाठी एक स्थिर, लहान सिग्नल जनरेटर, एक फिल्टर, एक अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) आणि एक डायपोल (दोन दांड्यांचा साधा अँटेना) एवढे साहित्य पुरते. शक्ती किती लागते याचा अंदाज नवख्यांना हमखास चुकतो आणि तो वरच्या बाजूलाच चुकतो. एक मायक्रोवॅट, म्हणजे उणे ३० डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये सांगितलेली शक्ती; दर १० डेसिबलला ती दहापट बदलते), इतकीच शक्ती धरून हिशेब करू या. १०० मीटर अंतरावर १५० मेगाहर्ट्झचा सिग्नल वाटेत सुमारे ५६ डेसिबल घटतो, म्हणून अँटेनांची वाढ जमेस न धरता तो उणे ८६ डीबीएम इतका पोहोचतो. त्या वारंवारतेला आकाशाचे तापमान साधारण ३५० केल्व्हिन धरले, तर १० किलोहर्ट्झच्या एका वाहिनीत आकाशाचा गोंगाट उणे १३३ डीबीएमच्या आसपास असतो. म्हणजे एक मायक्रोवॅटही ४७ डेसिबलने वर राहतो आणि अँटेना एखाद्या दिशेला ३० डेसिबलने बहिरा असला, तरी त्याला स्रोत ऐकू येतो.

शक्ती जास्त असल्यावर उलट नुकसान होते. रिसीव्हर अतिशय क्षीण सिग्नलसाठी बांधलेला असतो, त्यामुळे त्याचे ॲम्प्लिफायर सिग्नल दाबू लागतात आणि आलेखाचा माथा सपाट होतो. हा सपाटपणा ‘रुंद बीम’ म्हणून वाचला जाण्याचा धोका असतो. हे टाळण्यासाठी एक उड्डाण ठरलेल्या शक्तीवर आणि तेच उड्डाण ६ डेसिबलचा अटेन्युएटर लावून करावे. दोन्ही आलेखांत सगळीकडे बरोबर ६ डेसिबलचा फरक आला, तर रिसीव्हर नीट चालतो आहे. माथ्याजवळ फरक कमी भरला, तर शक्ती आणखी उतरवावी.

डायपोल ड्रोनच्या खाली, प्रोपेलरच्या हातांपासून शक्य तितका दूर टांगावा आणि केबलला डायपोलचा भाग होऊ न देणारा चांगला बालन वापरावा. कार्बन फायबर विद्युतवाहक असते, त्यामुळे ड्रोनचा सांगाडा डायपोलचा आलेख बदलतो. म्हणून गणितात पुस्तकातला आदर्श डायपोल वापरून चालत नाही. ड्रोनसकट त्याचे संगणकीय प्रतिरूप करावे लागते. सिग्नल एका ठरावीक तालात चालू-बंद करता आला, तर फार उपयोग होतो. बंद असतानाच्या क्षणांत केवळ आकाश मोजले जाते आणि ते वजा करता येते.

चौथी पायरी: ड्रोनचा स्वतःचा गोंगाट ऐका

मोटरचे नियंत्रक, स्विचिंग पुरवठा, प्रोसेसरची घड्याळे आणि कॅमेरा ही सगळी उपकरणे आपण मोजणार असलेल्या पट्ट्यातच रेडिओ गोंगाट करू शकतात. मोहिमेवर निघण्यापूर्वी ड्रोन शील्ड केलेल्या खोलीत ठेवून, मोटरी चालू करून, त्याचा वर्णपट तपासावा आणि नको असलेली उपकरणे काढून टाकावीत. जागेवर पोहोचल्यावर पहिले उड्डाण ट्रान्समीटर बंद ठेवून करावे. दुसरे उड्डाण ट्रान्समीटर चालू ठेवून, पण डायपोलच्या जागी ५० ओहमचा लोड (सिग्नल प्रसारित न करता शोषून घेणारा भाग) लावून करावे. त्या वेळी जमिनीवर जे ऐकू येईल, ते डायपोलमधून न जाता पेटीतून किंवा केबलमधून गळणारे असते. ही दोन उड्डाणे वेळखाऊ वाटतात, पण ती टाळली तर पुढे तिरक्या कोनात मिळालेल्या प्रत्येक क्षीण आकड्याबद्दल शंका उरते.

पाचवी पायरी: परवानग्या

हवाई वाहतूक नियामकाची उड्डाणाची परवानगी, वारंवारता नियामकाची प्रसारणाची परवानगी आणि वेधशाळेची स्वतःची संमती, या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक मिळाली म्हणून दुसरी मिळाली असे होत नाही. १०८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा पट्टा विमानांच्या दिशादर्शनाचा आणि संभाषणाचा आहे. कितीही कमी शक्ती असली, तरी परवानगीशिवाय तिथे काहीही प्रसारित करू नये. रेडिओ दुर्बिणी बहुधा रेडिओ-शांत क्षेत्रात असतात. तिथे ड्रोनच्या नियंत्रणाचा दुवा, मग तो २.४ गिगाहर्ट्झचा असो वा आणखी कोणता, हासुद्धा परवानगीचाच विषय असतो. त्याच वेळी निरीक्षण करणाऱ्या इतर गटांना उड्डाणाची नेमकी वेळ आधी कळवणे हे सौजन्य तर आहेच, पण त्यांच्या आकडेवारीचे रक्षणही त्यातूनच होते.

सहावी पायरी: जागा, वेळ आणि दिशा यांचे बंध बांधा

साध्या जीपीएसची चूक काही मीटरपर्यंत जाते. आरटीके पद्धतीत जमिनीवर ज्ञात बिंदूवर दुसरा रिसीव्हर ठेवून ती एक-दोन सेंटिमीटरवर आणता येते. एवढी अचूकता कशाला, हे आकड्यांनी पाहू. १०० मीटर उंचीवर २ मीटरची आडवी चूक म्हणजे कोनात सव्वा अंशाहूनही कमी. एकट्या अँटेनाच्या रुंद आलेखासाठी कदाचित तेही चालेल. पण ३८ मीटर अंतरावरच्या दोन अँटेनांची फेज ताडून पाहायची असेल, तर त्याच चुकीमुळे त्यांच्या मार्गांतला फरक ७६ सेंटिमीटरने चुकतो आणि १५० मेगाहर्ट्झवर ती १३७ अंशांची चूक होते. म्हणजे उत्तर निरर्थक ठरते. चूक २ सेंटिमीटर असेल, तर ती दीड अंशाच्याही आत राहते. अँटेनांच्या जागाही त्याच आरटीके तळबिंदूला धरून मोजाव्यात. दोन वेगवेगळ्या सर्वेक्षणांतले आकडे एकमेकांत मिसळले, की एक कायमची सरक आत येते आणि ती शोधायला फार वेळ जातो. उंचीही आरटीकेचीच घ्यावी. ड्रोनचा वायुदाबमापक तापमानाबरोबर सरकत जातो.

वेळेच्या बाबतीत एक सापळा ठरलेला आहे. जीपीएसची वेळ आणि समन्वित जागतिक वेळ यांत २०१७ पासून १८ सेकंदांचा फरक आहे. ड्रोनची नोंद एका वेळेत आणि दुर्बिणीची दुसऱ्या वेळेत असेल, तर सेकंदाला ४ मीटर जाणारा ड्रोन गणितात ७२ मीटर चुकीच्या जागी दिसतो. एवढी मोठी चूक लपत नाही, लगेच पकडली जाते. अर्ध्या सेकंदाची चूक मात्र दिसत नाही आणि तीच अधिक घातक असते. ती कशी पकडावी ते पुढे येतेच.

तिसरा बंध दिशेचा. समजा डायपोल उत्तर-दक्षिण धरला आहे असे आपण मानतो, पण प्रत्यक्षात तो ५ अंशांनी वळलेला आहे. डायपोलशी जुळणाऱ्या ध्रुवीकरणाच्या मोजमापात त्यामुळे जेमतेम ०.०३ डेसिबलचा फरक पडतो, जो कोणाच्या लक्षातही येणार नाही. त्याच्या काटकोनातल्या ध्रुवीकरणात मात्र उणे २१ डेसिबलची गळती शिरते आणि त्याखालचे काहीही मोजता येत नाही. चूक १ अंशावर आणली, तर ही पातळी उणे ३५ डेसिबलपर्यंत उतरते. ड्रोनमधल्या चुंबकीय होकायंत्रावर मोटरच्या प्रवाहांचा परिणाम होत असल्याने ध्रुवीकरण मोजायचे असेल, तेव्हा दोन जीपीएस अँटेनांवरून दिशा काढणारी व्यवस्था वापरावी.

सातवी पायरी: उड्डाणमार्ग आखा

पहिल्या मोहिमेसाठी ठरावीक उंचीवरची सरळ रेषा सर्वांत उत्तम. १०० मीटर उंचीवर, मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना १०० मीटर गेल्यास माथ्यापासून ४५ अंशांपर्यंतचा भाग मोजला जातो; ६० अंशांसाठी १७३ मीटर जावे लागते. डायपोल मार्गाला समांतर ठेवून एक रेषा आणि मार्गाला काटकोनात ठेवून दुसरी रेषा उडवावी, म्हणजे दोन मुख्य छेद मिळतात. त्यानंतर दिशा ९० अंशांनी बदलून हेच सगळे अँटेनाच्या दुसऱ्या ध्रुवीकरणासाठी पुन्हा करावे. सेकंदाला ४ मीटर वेग ठेवला आणि रिसीव्हरने दर ०.१ सेकंदाला एक आकडा दिला, तर दोन आकड्यांमध्ये ४० सेंटिमीटर, म्हणजे माथ्याजवळ पाव अंशाहूनही कमी अंतर पडते. ते पुरेसे बारीक आहे.

प्रत्येक रेषा जाताना आणि येताना अशी दोनदा उडवावी, आणि परत येताना ड्रोनने तोंड फिरवू नये. बॅटरीत किती वेळ उरला आहे हे पाहून एखादी रेषा अर्धी उडवण्याचा मोह होतो, पण अर्धी रेषा काहीच सांगत नाही. त्यापेक्षा एक रेषा कमी उडवावी आणि ड्रोन सुरक्षित उतरवावा, कारण खाली महागडे अँटेना उभे असतात.

आठवी पायरी: पहिला आलेख बारकाईने पाहा

मोजमाप हाती आल्यावर कोणतीही दुरुस्ती न करता एकाच अँटेनाची शक्ती ड्रोनच्या जागेसमोर मांडावी, जातानाची एका रंगात आणि येतानाची दुसऱ्या. दोन्ही टेकाडे एकमेकांवर बसली पाहिजेत. ती बसली नाहीत, जातानाचे टेकाड २ मीटर उत्तरेला आणि येतानाचे २ मीटर दक्षिणेला दिसले, तर अँटेनात दोष नाही, घड्याळात आहे. दोन माथ्यांमध्ये ४ मीटरचे अंतर, वेग सेकंदाला ४ मीटर, आणि चूक दोन्ही दिशांना वाटली गेल्यामुळे निम्मी धरायची, म्हणजे वेळेतला फरक अर्ध्या सेकंदाचा. तेवढी वेळ सरकवली, की दोन्ही रेषा एकमेकींत मिसळून एकच होतात. ज्याने हे एकदा स्वतःच्या संगणकाच्या पडद्यावर होताना पाहिले, तो यापुढे कधीही एकाच दिशेने रेषा उडवणार नाही.

दोन्ही टेकाडे एकत्र असूनही मधल्या बिंदूपासून एकाच बाजूला सरकलेली असतील, तर जागेच्या सर्वेक्षणात सरक आहे. आणि दोन्ही टेकाडांची एकच बाजू अधिक उंच भरत असेल, तर वाऱ्याकडे पाहावे. वाऱ्याविरुद्ध टिकून राहण्यासाठी ड्रोन झुकतो, त्याबरोबर डायपोलही झुकतो, आणि ४५ अंशांच्या दिशेला ५ अंशांच्या झुकावाने जवळजवळ १ डेसिबलचा फरक पडतो. नवखे लोक हा फरक हमखास अँटेनाच्या माथी मारतात. ड्रोनच्या नोंदीत त्याचा झुकाव प्रत्येक क्षणी लिहिलेला असतो. तो वापरून ही दुरुस्ती करता येते.

नववी पायरी: दुरुस्त्या करा

मिळालेल्या शक्तीतून अँटेनाचा आलेख काढण्यासाठी दोन गोष्टी भरून काढायच्या असतात. पहिली गोष्ट अंतर: ड्रोन तिरका गेला, की लांबही गेला. ४५ अंशांना यामुळे ३ डेसिबल आणि ६० अंशांना ६ डेसिबल घट होते. दुसरी गोष्ट स्रोताच्या डायपोलचा स्वतःचा आलेख: डायपोल मार्गाला समांतर असेल, तर अर्धतरंग डायपोल ४५ अंशांना सुमारे ४ डेसिबलने आणि ६० अंशांना साडेसात डेसिबलने कमी प्रसारण करतो. म्हणजे सर्व दिशांना सारखाच संवेदनशील अँटेना खाली असता, तरी ६० अंशांना आपल्याला साडेतेरा डेसिबल कमी मिळाले असते. दुरुस्ती एवढी मोठी असल्यामुळे, मोजमापाच्या कडेला आलेली एक-दोन डेसिबलची विसंगती आधी स्रोताच्या प्रतिरूपात शोधावी. शक्य असल्यास मैदानात एक साधा, चांगला ओळखीचा डायपोल संदर्भ म्हणून बसवावा आणि त्याच्यावरूनही तीच रेषा उडवावी. दोन मोजमापांचे गुणोत्तर घेतले, की स्रोताच्या चुका बऱ्याच अंशी आपोआप निघून जातात.

दहावी पायरी: फेज आणि समूहाची जोडणी

इथे ही पद्धत खरी रंगात येते. ड्रोनवरचे आंदोलक आणि दुर्बिणीचे घड्याळ एकमेकांशी बांधलेले नसतात, त्यामुळे एकट्या अँटेनाची फेज सतत वाहत राहते आणि तिला अर्थ नसतो. परंतु हे वाहणे सगळ्या अँटेनांना समान असते. म्हणून समूहातला एक अँटेना संदर्भ मानावा आणि बाकी प्रत्येकाची फेज त्याच्या फेजमधून वजा करावी. ड्रोनची जागा आणि अँटेनांच्या जागा माहीत असल्याने भूमितीमुळे यायला हवी तेवढी फेज आपण काढू शकतो. ती वजा केल्यावर उरते ती केबलची आणि इलेक्ट्रॉनिक्सची फेज, आणि ड्रोन कुठेही असला तरी ती जवळपास स्थिर राहिली पाहिजे.

एका पानावर सगळ्या अँटेनांच्या उरलेल्या फेज एकाखाली एक मांडाव्यात. निरोगी अँटेनांच्या रेषा जवळजवळ आडव्या येतात, प्रत्येकीची पातळी तेवढी वेगळी. त्यांत दोन रेषा उताराच्या निघतात, एक चढणारी आणि दुसरी तितकीच उतरणारी. याचा अर्थ बहुधा असा, की त्या दोन अँटेनांच्या केबल एकमेकांच्या जागी लागल्या आहेत; गणित एकीची जागा धरते आहे आणि सिग्नल दुसऱ्या जागेवरून येतो आहे. नावांची अदलाबदल करून गणित पुन्हा करावे. दोन्ही रेषा आडव्या झाल्या, तर शंका मिटली. एखाद्या अँटेनाच्या दोन ध्रुवीकरणांच्या केबल उलट लागल्या असतील, तर ते याहूनही आधी कळते: उत्तर-दक्षिण डायपोल उडत असताना बाकी सगळ्यांची उत्तर-दक्षिण वाहिनी प्रबळ असते आणि याची मात्र पूर्व-पश्चिम. शेकडो अँटेनांच्या केंद्रात असे दोष हातात टॉर्च घेऊन शोधायला किती दिवस लागतील, याचा विचार केला म्हणजे अर्ध्या तासाच्या उड्डाणाचे मोल कळते.

आता संपूर्ण केंद्राच्या बीमचा प्रश्न. ड्रोन जवळ असल्याने लहरी गोलाकार येतात, सपाट नाहीत. पण प्रत्येक अँटेनाचा सिग्नल स्वतंत्रपणे, शक्ती आणि फेज दोन्हींसह नोंदवलेला असेल, तर प्रत्येकाला त्याच्या जागेनुसार त्या गोलाकाराची भरपाई देता येते, जणू केंद्राची नजर अनंतावरून काढून ड्रोनवर आणली आहे. अशा रीतीने मिळवलेला बीम माथ्याजवळ दूरच्या बीमशी चांगला जुळतो. तिरक्या कोनांत जुळणी ढिली पडत जाते, कारण तिथे वेगवेगळे अँटेना ड्रोनला वेगवेगळ्या कोनातून पाहत असतात. त्यामुळे बाजूच्या लहान टेकाडांविषयी ठाम विधान करण्यापूर्वी हीच जवळची भूमिती संगणकीय प्रतिरूपात घालून दोन्ही उत्तरे एकमेकांशी ताडून पाहावीत.

नोंदी आणि पुनरावृत्ती

ड्रोनची मूळ नोंद, आरटीके तळाची नोंद, रिसीव्हरची कच्ची आकडेवारी, अटेन्युएटरची किंमत, डायपोलची लांबी, वारा आणि जमिनीची स्थिती हे सगळे एकाच ठिकाणी ठेवावे. डायपोल बसवलेल्या ड्रोनचे दोन बाजूंनी छायाचित्र घ्यावे. सहा महिन्यांनी केबल कुठून वळवली होती हे कोणालाही आठवत नाही. जमिनीच्या ओलीचीही नोंद हवी, कारण अँटेनांखाली पसरलेली धातूची जाळी आणि माती हे दोन्ही अँटेनाचेच भाग असतात आणि पावसानंतर तोच अँटेना, विशेषतः तिरक्या कोनात, थोडा वेगळा वागू शकतो. पहिल्या मोहिमेची एक रेषा कायमची ठरवून टाकावी आणि प्रत्येक पुढच्या मोहिमेत, बाकी काहीही मोजायचे असले तरी, ती त्याच उंचीवरून, त्याच वेगाने आणि त्याच डायपोलने सर्वांत आधी उडवावी.